दीड वेढ्याचे संस्कार

माणूस जसजसा वर जातो तसतशी त्याची गाडी खाली आली पाहिजे, हे तत्त्व नाशिकरोडच्या तरुणांनी जगाच्या आधी ओळखले. गाडी खाली आणण्याचे मार्ग दोन. पहिल्यात बाहेरून किट मागवतात, जाणकार मेकॅनिक शोधतात आणि खर्च बापाला सांगत नाहीत. दुसऱ्यात ग्राइंडर लागतो. ज्या गावात ग्राइंडर उसना मिळतो, तिथे पहिल्या मार्गाने जाणारा मूर्ख समजावा.

अश्विन मूर्ख नव्हता. सिन्नरच्या एमआयडीसीत तो क्वालिटी विभागात होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळे. एका रविवारी त्याने मित्र सनीच्या मदतीने घरच्या गाडीच्या चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून टाकले. (सनीचे शिक्षण फार्मसीचे. ग्राइंडर मामाचा.) गाडीचे मालक म्हणजे अश्विनचे वडील झुंबर, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. ते बाहेर आले, गाडीभोवती फिरले.

"चारही पंक्चर झाली का रे?"

"पप्पा, लुक आहे हा. खाली बसवलीय."

"बसवली नाय, बसली म्हण."

जुन्या पिढीला अभियांत्रिकी कळत नाही. सदर सुधारणेचे फायदे उघड आहेत. वळणावर गाडी रस्ता धरते, सरळ रस्त्यावरही धरते, खड्ड्यात तर सोडतच नाही. शॉकअपला काम न उरल्याने तो विश्रांती घेतो. आणि रस्त्याची जी दशा निवडून दिलेल्या माणसाला पाच वर्षे दिसत नाही, ती चालकाच्या मणक्याला जागच्या जागी कळते. दोष एकच. आत माणसे असली की गाडी गतिरोधकावर पोट टेकते. तेव्हा उपाययोजना म्हणून प्रत्येक गतिरोधकाआधी प्रवाशांनी उतरावे, पलीकडे चालत जावे व पुन्हा बसावे, अशी कार्यपद्धती अश्विनने घरात लागू केली. आई शकुबाई म्हणाली, "मग आम्ही चालतच जातो. तू गाडी तेवढी जपून आण."

अशा वेळी चैतालीच्या घरचे बोलावणे आले. चैताली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचे नि अश्विनचे ठरून वर्ष झाले होते, आता फक्त तिच्या वडिलांनी ठरवायचे बाकी होते. वडील गोटीराम, सिन्नरपलीकडच्या एका गावचे माजी उपसरपंच. त्यांनी आधी दोन मुलगे परत पाठवले होते. एक त्यांच्यासमोर पायावर पाय टाकून बसला, दुसरा चहा घेताना मोबाइलमध्ये हसला. तिसरा म्हणजे अश्विन. हाही परत गेला तर नांदगावचे स्थळ पक्के, असे त्यांनी मुलीला सांगून ठेवले होते.

हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागले की गतिरोधकांचे राज्य सुरू होते. यातले सरकारी किती, हे सरकारलाही माहीत नाही. शाळेपुढे असतो, विहारापुढे असतो, देवळापुढे असतो, एकदा जिथे शेळी वाचली तिथे असतो आणि जिथे वाचली नाही तिथे दोन. शिवाय वजनदार माणसाच्या दारापुढे असतोच. दारात उंचवटा नाही, त्याला गावात उंची नाही.

पहिला आला विहारापुढचा. गाडी थांबली, झुंबर आणि शकुबाई उतरले. समोर बुद्धमूर्ती दिसल्यावर शकुबाईने हात जोडले. (दुसरे काय करणार?) रिकामी गाडी मागून सरपटत आली. पुढे शाळा. पुन्हा उतरले. मग मारुतीचे देऊळ. तिथे झुंबरांनी घाम पुसायला टोपी काढली. चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी हे सर्व पाहिले आणि त्यांतल्या एकाने गोटीरामांना फोन लावला.

"दादा, पावणे लय वळणाचे हायेत. विहारापुढं उतरले, शाळेपुढं उतरले. देवळापुढं तर म्हाताऱ्यानं टोपीबी काढली."

गोटीरामांच्या दारापुढचा गतिरोधक तालुक्यात सर्वांत उंच. पाहुणे त्याच्या बरेच अलीकडे उतरले आणि चालत आले. गोटीराम स्वतः फाटकाशी उभे होते. डोळे ओले.

"जय भीम. या. माझ्या दारात लोक हॉर्न वाजवत घुसतात हो. तुम्ही चालत आलात."

झुंबर सरळ माणूस. खरे सांगायला त्यांनी तोंड उघडले. शकुबाईने मागून सदरा ओढला.

"आमच्यात असंच हाय," ती म्हणाली.

चहा झाल्यावर मुला-मुलीला बोलायला ओट्यावर पाठवले.

"स्प्रिंग कापल्यास ना?" चैतालीने विचारले.

"तुला कसं कळलं?"

"पोट घासल्याचा आवाज स्वयंपाकघरात आला. लाडवाचं भांडं हललं."

"तुझ्या पप्पांना सांगू नको."

"नाही सांगत. पण लग्नानंतर मी उतरणार नाही."

स्थळ पक्के झाले. गोटीरामांनी एकच इच्छा सांगितली. वरात याच रीतीने यावी, गतिरोधकागणिक सगळ्या वऱ्हाडाने उतरावे. सोयीसाठी मांडवापुढेही एक उंच गतिरोधक ते स्वखर्चाने घालणार आहेत.

परत आल्यावर सनी म्हणाला, "नव्या स्प्रिंग टाकू का? उंच होईल पहिल्यासारखी."

"वेडा आहेस का? गाडी चढवली तर उतरायचं कारण काय सांगू?"

तेव्हा गाडी आजही बसलेलीच आहे. सबंध पंचक्रोशीत झुंबरांच्या घराइतके नम्र घर नाही, असा लौकिक आहे, आणि उतरणार नाही म्हणणाऱ्या चैतालीला तेवढा तो कुणीतरी सांगायचा आहे.

तुम्ही हसला असाल. हसा. फक्त उद्या साहेबाच्या केबिनबाहेर किंवा पुढाऱ्याच्या दारात जेव्हा आपोआप वाकाल, आणि घरी येऊन त्याला संस्कार म्हणाल, तेव्हा एकदा स्वतःच्या खाली डोकावून पाहा. दीड वेढा कमी भरेल.