आत्याची पेन्शन आणि सवतीचा पत्ता

सरकारी कागदाच्या बाबतीत अख्ख्या पाथर्डी तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. अडतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलंय मी. पाकिटाला नुसता हात लावला तरी आत नोटीस आहे की लग्नपत्रिका, हे सांगायचो. त्यामुळे मागच्या साली आत्याच्या पेन्शनचा विषय निघाला, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "आत्या, एका महिन्यात तुझ्या हातात पेन्शन! नाही आणली तर नाव अंगद लावणार नाही!"

आत्या म्हणजे झुंबरबाई, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नाही. मी तिच्याच घरी लहानाचा मोठा झालो, अजूनही तिच्याच घरात राहतो. तिचे यजमान आसाराममामा लष्करात होते. आठ वर्षं बंदूक धरली, पुढं सात वर्षं राखीव फौजेत नाव होतं, नंतर गावी बाजरी केली. पेन्शनबद्दल कधी चौकशी केली नाही. माणूसच तसा. दुकानदाराकडं सुटे पैसे राहिले तर परत मागायला लाजायचा, तो सरकारकडं काय मागणार! तीसेक वर्षांपूर्वी मामा वारले. तेव्हा मीच लष्कराला पत्र टाकून कळवलं होतं. साधं उत्तरसुद्धा आलं नाही! तेव्हापासून लष्कर म्हटलं की मी चिडतो.

तर नगरला माजी सैनिकांचा मेळावा होता. जेवण चांगलं असतं म्हणून मी गेलो. शेजारी जेवणारे एक सुभेदार म्हणाले, "पंधरा वर्षांची नोंद भरत असेल तर बाईंना कुटुंब पेन्शन बसते हो!" मी हातातली जिलबी तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्याच दिवशी सैनिक कल्याणच्या कचेरीत अर्ज दिला. तिथं सुकन्या मॅडम म्हणून एक तरुण कारकून होती. फार गोड मुलगी. म्हणाली, "काका, लष्कराकडून फाइल मागवते. आली की फोन करते."

दीड महिन्यानं फोन आला. मी ऐटीत स्पीकर चालू केला. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिलाही कळू दे पुतण्याचं कर्तृत्व! म्हणजे भाच्याचं.

"काका, पेन्शन मंजूर होण्यासारखी आहे!"

"बघ आत्या!"

"फक्त एक अडचण आहे. आसारामांच्या पत्नीचं नाव फाइलमध्ये मनकर्णा आहे. झुंबरबाई कोण?"

थापटण्याचा आवाज बंद पडला. भाकरी परातीतच राहिली. माझी बायको रुपाली पटकन म्हणाली, "फोन बंद करा!" पण माझं बोट घाबरून भलतीकडंच पडलं, आणि सुकन्या मॅडमचा आवाज घरभर घुमला, "पहिली बायको की दुसरी, तेवढं विचारा!"

"मनकर्णा व्हय?" आत्या उठली. "तरीच! सुट्टीवर आला की झोपंत ह्येच नाव घ्यायचा मुडदा! म्या इचारलं, तर म्हनला, देवाचं नाव हाय!"

तिनं भिंतीवरचा मामांचा वर्दीतला फोटो काढला आणि थेट गोठ्यात नेऊन टांगला. "ऱ्हा हितं! म्हशीसंगं परेड कर!"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं, आसारामची बायको जम्मूत आहे. कुणी म्हणालं, दोन पोरं आहेत, एक तर कर्नल आहे! आत्यानं जेवण सोडलं. नुसता चहा. मला खरंच वाईट वाटायला लागलं. तीस वर्षं ज्या माणसाच्या आठवणीवर बाई एकटी राहिली, तो माणूसच मी अर्ज करून तिच्याकडून काढून घेतला होता.

मग मीच पत्ता काढायचं ठरवलं. कळलं की काष्टीला एक मनकर्णाबाई आहे, नवरा फौजेत होता, नाव आसाराम! मी तडक एसटी धरली. बाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, तुमच्या स्वर्गवासी यजमानांच्या पेन्शनसाठी आलोय."

घरातून एक धिप्पाड म्हातारा काठी घेऊन बाहेर आला. "कोन सोर्गवासी?"

"आसाराम."

"म्याच आसाराम!"

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की पासष्टी उलटली तरी, मागं फौजी लागला की काष्टीच्या स्टँडपर्यंत पळता येतं.

घरी आलो तर आत्या नवं लुगडं नेसून तयार. "मला नगरला ने. त्या पोरीकडनं सवतीचा पत्ता घ्याचा हाय."

"पत्ता घेऊन काय करणार?"

"बघनार. लई न्हाई, येकदाच बघनार, कशी हुती ती."

त्या आवाजात राग नव्हता. मला राग परवडला असता.

कचेरीत सुकन्या मॅडमनं आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फाइल उघडून वाचायला लागली. "पत्नी मनकर्णा. माहेर सोनई. वडिलांचं नाव गंगाराम."

मी ताडकन उभा राहिलो. गंगाराम म्हणजे माझे आजोबा! "आत्या! म्हणजे मामांनी तुझ्या बहिणीशीपण…?"

"मला बहीन कुठं हाय रे येड्या? चार भावांत म्या येकलीच!"

मॅडमनं पुढचं पान उलटलं. "थांबा. हा आसारामांच्या हातचा अर्ज दिसतोय." आणि तिनं वाचलं.

"साहेब, माझ्या बायकोला घरी झुंबर म्हणतात. इथले लोक त्या नावाला हसतात. मी तिचं नाव मनकर्णा ठेवलं आहे. अजून तिला सांगितलेलं नाही. आईपुढं बोलायला धीर होत नाही. तरी कागदावर हेच नाव राहू द्यावं."

आत्या पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "मरस्तवर धीर झाला न्हाई त्येला."

मॅडमनं डोळे पुसले. मीही पुसले. इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण त्या मुलीला फाइल शेवटपर्यंत वाचायची सवय.

"अरे! लष्करानं मनकर्णाबाईंना तेव्हाच पत्रं पाठवली होती. तीन वेळा. तिन्ही परत गेली." तिनं पाकीट उजेडात धरलं. वर नवऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं मनकर्णाबाई आणि गाव. "लाल शाईत शेरा आहे. 'या नावाची बाई गावात नाही. कधीच नव्हती. सबब परत.' खाली सही… अंगद… शाखा डाकपाल."

अक्षर सुरेख होतं. 'कधीच नव्हती'खाली दोन रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या पाकिटावर तर, 'पुन्हा पुन्हा पाठवून पोस्टास त्रास देऊ नये,' असंही होतं.

मी टेबलाखाली काही पडलंय का ते बघू लागलो.

"काका, हे तुम्हीच का?"

"व्हय, ह्योच," आत्या म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. "त्येचं जाऊ दी, पोरी. त्यो कागद वाच की परत. त्यानं लिवल्याला."

मॅडमनं तो चार वेळा वाचला. घरी आल्यावर आत्यानं पहिल्यांदा गोठ्यातून फोटो आणला, पदरानं पुसला आणि मग जेवायला बसली. दोन भाकरी!

पेन्शन आता चालू झाली आहे. पण त्याआधी एक कागद द्यावा लागला. झुंबर आणि मनकर्णा ही एकच बाई, आणि पोस्टाचा शेरा चुकीचा होता, असं शेरा मारणाऱ्यानंच स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं!

वकिलानं विचारलं, "अर्जदार बाईंशी तुमचं नातं?"

"भाचा."

"पत्रं परत पाठवली तेव्हा राहायला कुठं होता?"

"त्याच घरात."

वकिलानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला नीट बघून घेतलं.