कांतीकाका कोणालाच मारत नाहीत

कांतीकाका रोज व्हिडिओ गेम खेळतात आणि ठरवून ते कोणालाही मारत नाहीत. चुकून मेले असतील तेवढेच. तसं झालं की ते खेळ थांबवतात, रिमोट गल्ल्यावर ठेवतात, टीव्हीकडे बघून हात जोडतात आणि म्हणतात, ‘‘मिच्छामि दुक्कडम्.’’ माझ्या हातून घडलेलं वाईट फुकट जावो, असा त्याचा अर्थ. जैन घरांमध्ये वर्षातून एकदा, संवत्सरीला, माणसं एकमेकांना असं म्हणून माफी मागतात. काका कोंबडीलाही म्हणतात. एका गेममध्ये त्यांच्या घोडागाडीखाली कोंबडी आली होती. समोरचं गिऱ्हाईक कासऱ्याचा भाव विचारत होतं. त्याला थांबावं लागलं.

बेल्ह्याच्या पेठेत काकांचं दुकान आहे. गुरांच्या बाजाराला येणाऱ्यांना जे लागतं ते तिथे मिळतं. कासरे, वेसणी, मोरक्या, घुंगरमाळा, पोळ्याच्या झुली. चाबूक मिळत नाही. चाबूक रस्ता ओलांडून समोर मिळतो. समोरचं दुकान काकांच्या धाकट्या भावाचं, सुभाषकाकांचं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

आमचं घर काकांच्या दुकानाच्या वर आहे. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दुपारी लाइट गेली की लॅपटॉप घेऊन खाली त्यांच्या इन्व्हर्टरपाशी येऊन बसते. मला फारसं बोलता येत नाही. इंग्लिश मीडियममध्ये शिकले; वर्गात इंग्लिश बोलायची भीती वाटायची आणि घरी आल्यावर मराठी शब्द आठवायचे नाहीत, त्यामुळे गप्प राहायची सवय लागली. काका गिऱ्हाइकांना माझी ओळख अशी करून देतात, ‘‘वरच्यांची पोरगी. हिला दोन भाषा येत्यात, आन दोन्हीत गप बसती.’’

पण काकांना मी लागते. गेममधली माणसं इंग्लिशमध्ये बोलतात. ती काय म्हणतात ते मी मराठीत सांगायचं, मग काका त्यांना उत्तर देतात. ते उत्तर गेमला कधीच पोचत नाही, याचं काकांना काही वाटत नाही.

हे सगळं सुरू झालं त्यांचा हात मोडला तेव्हा. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. काकांनी तो आठवडाभर दाबला. मग म्हणाले, ‘‘चेंडू दाबून मानूस कुटं पोचतो?’’ आणि पुण्याला जाऊन गेमचा डबा घेऊन आले. दुकानातल्या टीव्हीला जोडला. बोटं केव्हाच बरी झाली. खेळ राहिला.

प्रत्येक गेमबद्दल त्यांचं ठाम मत आहे, आणि ते शक्यतो बदलत नाही.

शंभर माणसं विमानातून बेटावर उडी मारतात आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना गोळ्या घालतात, तो मोबाइलचा गेम त्यांनी एकदा खेळून पाहिला. ते एका घरात शिरले, दार लावलं आणि पलंगामागे बसून राहिले. बाहेर माणसं मरत होती. बसल्या बसल्या काका दुसरे आले. शेवटी उरलेल्याने खिडकीतून त्यांना मारलं. ‘‘बरं झालं,’’ काका म्हणाले, ‘‘त्याच्या नशिबी व्हतं, आपल्या न्हाई.’’ मग थोडा विचार करून, ‘‘एवढी शंभर मानसं एका गावात उतरली, आन एकानं बी दुसऱ्याला इचारलं न्हाई, की बाबा, कुटनं आला?’’

खाऊच्या रंगीत गोळ्या जुळवण्याच्या गेमबद्दल त्यांचं मत, ‘‘पाप न्हाई, पर पुण्य बी न्हाई. गोळ्या जुळत्यात आन गायब व्हत्यात. खातं कोन?’’

शेतीच्या गेममध्ये ते कांदा, बटाटा, गाजर लावत नाहीत, कारण जमिनीखालचं ते खात नाहीत. डिंगोऱ्याचे एक शेतकरी वेसण घ्यायला आले होते, ते टीव्हीकडे बघत राहिले. ‘‘शेठ, सगळ्या रानात गहूच? जुन्नर तालुक्यात राहून कांदा न्हाई?’’

‘‘तू लाव की. मी तुला कुटं अडवलंय?’’

‘‘आन वेसण इकता, ती चालती. चाबूक चालत न्हाई.’’

‘‘वेसण धरायला असती,’’ काका म्हणाले, ‘‘चाबूक मारायला असतो.’’

शेतकरी हसले आणि पैसे मोजू लागले. सगळ्या पेठेला माहीत होतं की हे वाक्य गिऱ्हाइकासाठी नाही, समोरच्या दुकानासाठी आहे.

एका गेममध्ये तळ्याकाठी म्हातारा कोळी बसलेला असतो. त्याला तीन मासे आणून दिले की तो पुढचं फाटक उघडतो. मी वाचून दाखवलं.

‘‘त्याला इचार, दुसरं काय चालतंय का.’’

‘‘विचारता येत नाही, काका.’’

‘‘डाळ-तांदूळ दे म्हणावं. पीठ दे.’’

‘‘मासेच पाहिजेत त्याला.’’

काका महिनाभर त्या तळ्याभोवती फिरले. कोळ्याला त्यांनी सफरचंदं नेऊन दिली, मध दिला, चांगली उबदार शाल दिली. तो प्रत्येक वेळी मासेच मागत राहिला. त्या फाटकापलीकडे काय आहे ते आम्ही कधीच पाहिलं नाही. पण काका अजून अधूनमधून तो गेम लावतात आणि कोळ्याशेजारी जाऊन उभे राहतात. ‘‘एकटाच असतो बिचारा,’’ म्हणतात.

मेलेली माणसं उठून चावायला येतात त्या गेमने त्यांना खरं संकटात टाकलं. ती आधीच मेलेली आहेत, तर त्यांना मारण्यात पाप किती? त्या वर्षी चातुर्मासाला गावातल्या जैन स्थानकात एक वयस्कर साधू, महाराजसाहेब, उतरले होते. काकांनी जाऊन त्यांना विचारलं. मुलांचा खेळ आहे, असं म्हणून ते हसण्यावारी नेतील अशी माझी समजूत होती. पण काकांनी सांगितलं की महाराज हातातली पोथी मिटून म्हणाले, समोरचा मेलेला आहे की जिवंत ते बघू नका. मारताना तुमच्या मनात मारायची इच्छा आली का, एवढंच बघा.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘आली व्हती,’’ काका म्हणाले. तो गेम त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला.

घोड्यांच्या शर्यतीचा गेम मात्र पाच मिनिटंही चालला नाही. कुठलं बटण कशाला ते मी वाचत होते. हे पळायला, हे वळायला. पुढच्या बटणापुढे लिहिलं होतं, चाबूक मारायला. मी वाचलं. काकांनी रिमोट खाली ठेवला आणि दारातून समोर बघत बसले.

त्या दिवशी त्यांनी मला भांडणाचं सांगितलं. तोवर मला ते पेठेतल्या बायकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. सुभाषकाकांचं म्हणणं, गिऱ्हाईक चाबूक मागतं, आपण नाही दिला तर ते दुसरीकडून घेईल, बैलाला फरक काय? काकांचं म्हणणं, बैलाला फरक नसेल, आपल्याला आहे. एका बाजाराच्या दिवशी सुभाषकाकांनी चाबकांची मोळी आणून दाराला टांगली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. काका सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तू आपल्या घरातला न्हाईस.’’

सुभाषकाकांनी मोळी काढली आणि समोरचा गाळा भाड्याने घेतला. त्याला आता कित्येक वर्षं झाली.

‘‘संवत्सरीला मी कोनाकोनाची माफी मागतो,’’ काका म्हणाले. ‘‘म्हशीच्या दलालाची बी मागतो. पर ह्याची कशी मागू? चाबकाचं माझं बरोबर व्हतं. आन जिथं आपलं बरोबर हाय तिथं माफी मागायची म्हंजी खोटं बोलायचं. ते बी पापच.’’

चाबकाचं बरोबर होतं. ‘तू आपल्या घरातला न्हाईस’ या वाक्याचं काय, ते मी विचारलं नाही.

कांतीकाकांना मनापासून आवडणारा गेम एकच, मोबाइलवरचा लुडो. बाजार नसतो त्या दिवशी जेवण झालं की रस्त्यावर कोणी नसतं, तेव्हा ते खेळतात. समोरचा खेळाडू नेहमी एकच. त्याचं नाव ‘राजा’, फोटोच्या जागी झूल घातलेला बैल. ‘‘कोन हाय कोन जाने,’’ काका मला म्हणाले होते, ‘‘पर सज्जन मानूस हाय. मारत न्हाई.’’

लुडोत दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी गेली की ती मरते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. काका असं दान पडलं तर दुसरी सोंगटी चालवतात. दुसरी चालण्यासारखी नसली तर हात मांडीवर ठेवून वेळ संपू देतात. मी एक-दोनदा शेजारी बसून बघितलं, तर राजाही तेच करत होता. त्याच्यासमोर काकांची सोंगटी उघडी पडलेली असायची, नेमकं दान पडलेलं असायचं, आणि पडद्यावरचं घड्याळ हळूहळू रिकामं होत जायचं. लुडो इतक्या शांतपणे खेळणारी दोन माणसं मी पाहिली नव्हती.

मग एकदा दुपारी मी लॅपटॉपचा आवाज बंद करून बसले होते, तेव्हा ऐकू आलं. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज मोठा असतो. फासा खुळखुळला. आणि क्षणभराने तोच फासा रस्त्यापलीकडे खुळखुळला.

मी वर बघितलं. समोर सुभाषकाका चाबकांच्या खाली स्टुलावर बसले होते, फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

‘‘काका,’’ मी म्हणाले, ‘‘हा राजा...’’

‘‘गप,’’ काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. ‘‘नाव काढलंस तर खेळ मोडंल.’’

मग हळू आवाजात, ‘‘आमच्या वडलांच्या बैलाचं नाव राजा व्हतं. त्याला काय वाटतं, मला कळायचं न्हाई?’’

यंदाच्या संवत्सरीला काकांनी उपास केला, संध्याकाळी स्थानकात जाऊन वर्षभराच्या चुका आठवायचं प्रतिक्रमण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन माझ्या हातात दिला. दरवर्षी माफीचा मेसेज सगळ्यांना पाठवायचं काम माझ्याकडे असतं. नावं खाली सरकत गेली आणि सुभाषकाकांचं आलं. मी थांबले.

‘‘त्याला ऱ्हाऊ दे. बटन दाबून माफी व्हत न्हाई.’’

दुपारी लुडो सुरू झाला. नेहमीसारखाच. काकांच्या दोन सोंगट्या घरात पोचल्या, राजाच्याही दोन. राजाची तिसरी जवळजवळ पूर्ण फेरी मारून घराच्या तोंडाशी आली होती. काकांचा फासा पडला, चार. त्यांची एक सोंगटी राजाच्या बरोबर चार घरं मागे होती. दुसरीही चालण्यासारखी होती.

मी लॅपटॉपकडे वळले. ते दुसरी चालवणार हे मला माहीत होतं.

पण काहीच आवाज आला नाही म्हणून परत बघितलं. काकांचं बोट पडद्याच्या वर थांबलं होतं. मग ते खाली आलं, चुकीच्या सोंगटीवर.

सोंगटी मरते तेव्हा गेममध्ये एक विव्हळण्यासारखा आवाज येतो. तो मी त्या दुकानात पहिल्यांदाच ऐकला. आधी इकडे आला, मग तिकडे.

समोर सुभाषकाकांनी फोन खाली घेतला आणि मान वर केली.

‘‘काका, हे काय केलंत?’’

‘‘मारली,’’ काका म्हणाले. ‘‘आता चूक माझी हाय. आता मागता येती.’’

त्यांनी फोन गल्ल्यावर ठेवला, चपला घातल्या. पायरी उतरताना दाराची चौकट धरली. मग रस्ता ओलांडून गेले. तेवढा रस्ता ओलांडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ते चाबकांच्या पुढ्यात उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ‘मिच्छामि दुक्कडम्’ एवढंच असेल तर ते फार लवकर संपायला हवं होतं. काका बराच वेळ बोलत होते. सुभाषकाका आधी फोनकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले, रागाने म्हणाल्यासारखे. मग त्यांचं बोट तसंच राहिलं. मग ते उठले, बसायचं स्टूल पुढे ओढलं आणि स्वतः सरकीच्या पोत्यावर टेकले. कोणीतरी चहा सांगायला गेलं.

इकडे गल्ल्यावर काकांच्या फोनमध्ये फासा खुळखुळला. तिकडे बोलता बोलता सुभाषकाकांनी टाकला होता. आता काकांचं घड्याळ सुरू झालं होतं, रिकामं होत चाललं होतं. मला काय करावं कळेना. मी उठून दारात गेले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्या मोठ्याने ओरडले, ‘‘काका, तुमची पाळी आली!’’

पानवाल्याने वळून बघितलं. दोन टेम्पोवाल्यांनी बघितलं. काकांनी स्टुलावरून हात हलवला.

‘‘तूच टाक! पर त्याला मारू नको.’’

आणि त्यांच्या मागून सुभाषकाकांचा आवाज आला, ‘‘मारू दे की, भाऊ. म्हंजी उद्या परत येशील.’’