सहा व्होल्टचे अण्णा

थंडी पडली की आमच्या गारखेड्यातले रंगनाथअण्णा मोटारसायकलच्या बॅटरीला स्वेटर घालतात. चेष्टा नाही. संध्याकाळी बॅटरी सोडवून घरात नेतात, त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, कधीकाळी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर तिला गुंडाळतात आणि सकाळी ओट्यावर उन्हाला ठेवतात. बॅटरी मेली, असं त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. लगेच अंगावर येतात. "मेली नाय, रुसली! गारठ्यानं रुसती ती."

अण्णा मूळचे गंगापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गाडी ते नोकरीला लागले तेव्हाची, सहा व्होल्टच्या जमान्यातली. गाडीच्या पिशवीत चार सेलांचा एक लांबलचक टॉर्च कायम असतो, गावाकडे उसाला पाणी द्यायला जाताना वापरायचा. आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. घोटाळा नको म्हणून अण्णांनी नावंच पाडली आहेत. गाडीतली ती थोरली आणि पिशवीतली ती धाकटी.

आता गंमत अशी, की ही गाडी बॅटरीवर चालतच नाही. किक मारली की सुरू होते, पुढचा दिवाही इंजिनावरच जळतो. बॅटरी लागते ती हॉर्नला. आणि त्या एका हॉर्नपायी हा गृहस्थ जिवाचं रान करतो. हॉर्न घोगरा झाला की आधी फ्यूज बघायचा. मग टर्मिनलवर आलेलं पांढरं फूल गरम पाण्यानं धुवायचं, वर व्हॅसलीन फासायचं, कप्प्यांत डिस्टिल्ड वॉटर किती उरलंय ते उन्हात धरून बघायचं. मी एकदा सुचवलं, की नळाचं घाला थोडं. मी शाळेत शिकवतो, म्हणून अण्णा मला सर म्हणतात. पण त्या दिवशी ते म्हणाले, "सर, पोरांनाबी असंच शिकवता का?" आणि पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मुलगा पुण्याला असतो. बटण दाबलं की सुरू होणारी नवी स्कूटर पाठवतो म्हणाला. अण्णांनी फोनवर दिलेलं उत्तर सगळ्या गल्लीनं ऐकलं. "आदी बापाला भंगारात घाल, मंग गाडीला!"

हॉर्नचा आवाज म्हणाल तर भुकेल्या रेडकासारखा. भाजी घेऊन आले तरी अण्णा फाटकाशी थांबून तो वाजवणारच. समोरच्या वकिलांची दुपारची झोप मोडायची. शेवटी त्यांनी कॉलनीच्या बैठकीत विषय काढला, की स्वतःच्याच फाटकात हॉर्न कशाला? दाराला बेल आहे ना?

"बेल कुणीबी वाजवतं," अण्णा म्हणाले.

"पण बंद करायला काय हरकत आहे?"

अण्णा उभेच राहिले. "माजा बाप रझाकाराला भ्याला नाय, आन् मी वकिलाला भिऊ व्हय? पोलीस आणा, मिलिटरी आणा. हॉर्न वाजणार म्हंजे वाजणार!"

बैठक तिथंच मोडली. आम्ही हसत घरी गेलो. म्हातारा हटवादी आहे, एवढंच आमचं निदान होतं. काकू बाहेर दिसत नसत. गुडघे धरलेत, असं अण्णा सांगायचे.

यंदाच्या थंडीत थोरली रुसली ती रुसलीच. मलाही शहागंजात काम होतं, म्हणून मी अण्णांच्या मागे बसून गेलो. तिथल्या मिस्त्रीनं बॅटरी तपासून मान हलवली. "अण्णा, छे व्होल्ट का माल अब आताच नहीं. बारा की डालो, नया हॉर्न डालो. गल्ली हिल जाएगी!"

अण्णांना ते पटलं नव्हतं. पण घरी जायची त्यांना घाई झाली होती. "कर लवकर, ती एकटी हाय," म्हणाले. जुना हॉर्न मात्र त्यांनी हिसकून घेऊन पिशवीत टाकला.

फाटकाशी येऊन त्यांनी नवा हॉर्न वाजवला. आवाज खणखणीत होता, पण घरात काही हललं नाही. पुन्हा वाजवला. मग दार ठोठावलं.

"कोण हाय?" आतून काकू.

"अगं, मी."

"मी कोण? आमचे हे घरात नायत. ते आल्यावर या."

"सुमन, मीच हाय. रंगनाथ."

"नाव काय, कुणीबी सांगतं!"

अण्णा पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लई दिस झालं, सर. तोंड वळखत नाय माजं. आवाजबी नाय. हॉर्न तेवढा वळखती. त्यो वाजला की दार उघडती, मंग मी तिचा."

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि आम्ही फक्त हसलो होतो. मुलाला फोन करू का, कडी तोडू का, असं काहीबाही मी बोलत होतो. तेवढ्यात अण्णा ताडकन उठले.

"कडी कशाला तोडता? जुना हॉर्न बारावर जळंल, धाकटी काढा. दीड-दीडचे चार सेल. सहाच व्हत्यात की!"

टॉर्चमधले सेल काढून मी वर्तमानपत्राच्या सुरळीत एकामागे एक बसवले आणि दोन्ही टोकांना वायरी धरून बोटं दुखेपर्यंत दाबले. अण्णांनी जुन्या हॉर्नला वायरी टेकवल्या. आधी नुसती घरघर झाली.

"दाबा, सर!"

मी दाबलं आणि रेडकू ओरडलं. समोर वकिलांची खिडकी उघडली. अण्णांनी तिकडे बघत हॉर्न आणखी लांबवला.

कडी निघाली. दारात काकू उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सावरत.

"आलात व्हय? कवाची वाट बघती. आत्ता कुणीतरी आला व्हता, तुमचं नाव सांगत व्हता. म्या दार उघडलंच नाय."

"बेस केलंस," अण्णा म्हणाले. "असं कुणालाबी उघडत जाऊ नगंस."