छाती चव्वेचाळीस

"माणूस दुकानाची पायरी चढला की मला आरपार कळतो! टेप लावतो ती आपली गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी!" असं शिंपी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. सगळ्यांत जास्त ऐकावं लागे त्याच्या सासऱ्यांना. निवृत्त सैनिक, बोलणं मोजकं, आणि अंगात सदा पलटणीतला जाड कोट. त्याचं बटण तुटलं तरी ते जावयाकडे देत नसत, स्वतःच लावत. असा जीव त्या कोटावर!

एके सकाळी एक गुळगुळीत चिटणीस दुकानात आले. जखमी जवानांसाठी मदत गोळा करणारी म्हणे त्यांची संस्था. सोबत एक जवान, अंगात ढगळ सदरा, डावी बाही रिकामी. ती लोंबती बाही बघूनच शिंप्याचे डोळे भरून आले.

"यांना लष्करी शर्ट हवाय. चौकात टेबल मांडतोय," चिटणीस म्हणाले.

"शिलाई घेतली तर बापाचं नाव लावणार नाही!" शिंपी म्हणाला.

आता अशा माणसाला सदरा काढा, वळा, हात वर करा, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिंप्याने आदराने मान खाली घातली आणि सदऱ्यावरूनच टेप फिरवली. छाती चव्वेचाळीस! एवढ्याशा कमरेवर एवढी छाती!

"बघा मामा, याला म्हणतात फौजी छाती!" तो कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांना म्हणाला.

सासऱ्यांनी जवानाला विचारलं, "पलटण कुठली?"

चिटणीसांनी लगेच रुमालात तोंड खुपसलं. "नका हो विचारू! त्यांना त्रास होतो!"

"मामा!" शिंपी कडाडला. "जखमेवर मीठ काय चोळता? माझ्या शब्दावर विश्वास ठेवा!"

शर्ट शिवून झाला, चौकात टेबल लागलं, त्यावर मदतीचा डबा. शिंप्याने दुकान बंद करून शेजाऱ्यांना दंडाला धरधरून आणलं. न्हाव्याने दिले, दूधवाल्याने दिले, औषधवाल्याने तर गल्लाच उपडा केला. वारा गार होता, जवान कुडकुडत होता. शिंपी सासऱ्यांच्या मागे लागला.

"मामा, कोट द्या! तुम्ही नाही देणार तर कोण देणार?"

सासरे बराच वेळ कॉलर चाचपत उभे राहिले. मग त्यांनी कोट काढला. नुसत्या स्वेटरमध्ये ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

कोट जवानाच्या अंगावर चढला, पण पाठीत डावीकडे हा एवढा फुगवटा! शिंप्याला एक वेळ उपास चालेल, फुगवटा चालत नाही. उद्या लोक नावं कुणाला ठेवणार?

"हलू नका हं, आत्ता बसवतो," म्हणत त्याने फुगवटा चिमटीत धरला आणि लांबलचक टाचणी खुपसली.

"आई गं!"

कोटाखालून हात बाहेर आला! सबंध, पाच बोटांचा! आणि आला तो थेट शिंप्याच्या कानाखाली!

चौकात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शिंप्याला तर मार लागल्याचंही कळलं नाही. तो त्या हाताकडे आ वासून बघत राहिला.

"अगं बाई, हात उगवला!" एक आजी किंचाळली.

"उपचार... उपचार लागू पडले!" म्हणत चिटणीसांनी डबा बगलेत मारला आणि दोघं धूम पळाले. कोटासकट!

लोक भानावर आले. पळालेले सापडेनात, म्हणून त्यांनी शिंप्याला धरलं.

"शर्ट कुणी शिवला? आम्हाला ओढून कुणी आणलं?"

"अहो, मीसुद्धा फसलोय!"

"तू? तुला तर माणूस आरपार कळतो ना!"

वरात पोलीस चौकीत गेली.

"वर्णन सांगा," फौजदार म्हणाले.

"छाती चव्वेचाळीस... नाही, त्यातून हात वजा करा. अडतीस. कंबर तीस. खांदा—"

"चेहरा, चेहरा!"

शिंपी गाल चोळू लागला. "साहेब, आदराने मान खाली होती माझी."

"आणि चिटणीसाचा?"

"त्यांच्या तोंडावर रुमाल होता."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर सासरे हात काखेत घालून थंडीत चालत होते. शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, चुकलो. तसाच कोट शिवून देतो. अगदी तसाच! नाही म्हणू नका."

सासरे थांबले. त्यांनी जावयाच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं.

"शिवा, जावईबापू," ते म्हणाले. "माप मात्र मी दुसऱ्या शिंप्याकडे देऊन येतो."