पिंप न उघडता केलेली तपासणी

जी वस्तू सरकारी आहे ती दिसलीच पाहिजे, आणि जी दिसते तिच्यावर क्रमांक असलाच पाहिजे. राज्यं येतात, राज्यं जातात. मागे उरतात त्या खुर्च्या आणि खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेले आकडे. इतिहासकारांचं या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं असेल, भांडारपालांचं झालेलं नाही.

संशोधन संस्थेचे भांडारपाल मोजूकाका (खरं नाव सेवापुस्तकात आहे, सेवापुस्तक सात नंबरच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली नऊ वर्षांपूर्वी हरवली) या तत्त्वाला एकतीस वर्षं जागले. संस्थेतल्या घड्याळावर क्रमांक होता, शिडीवर होता, शिडीच्या प्रत्येक पायरीवर वेगळा होता. आगीच्या बादलीतल्या वाळूचं काय, असं लेखापरीक्षकांनी विचारलं, तेव्हा काकांनी 'वाळू, एक ढीग' अशी नोंद करून ढिगात पाटी रोवली. घरी काकूंना नवं पातेलं आणलं की आधी दोन दिवस ते लपवून ठेवावं लागे.

अशा या संस्थेच्या तळघरात बाई क्यूबिट तयार करत होत्या. बाई म्हणजे संस्थेतल्या संशोधिका. वय एकोणचाळीस, त्यातली सात वर्षं तळघरात. क्यूबिट म्हणजे नव्या जातीच्या, क्वांटम नावाच्या गणकयंत्राचा दाणा. साध्या यंत्राचा दाणा 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलतो. क्यूबिट 'बघू' म्हणतो. (ही भाषा सरकारला आधीपासून अवगत असल्यामुळे अनुदानाचा प्रश्न तत्त्वतः लगेच सुटला.) मात्र त्याच्याकडे कुणी पाहिलं की तो घाबरून 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळा होतो आणि चाललेलं गणित मातीत जातं. त्याला ऊब सोसत नाही, हादरा सोसत नाही, कुणी जवळ आलेलं सोसत नाही. म्हणून त्याला एका मोठ्या शीतयंत्रात, जगातल्या कुठल्याही थंडीपेक्षा थंड करून टांगून ठेवतात. हे शीतयंत्र छताला टांगलेल्या पिंपासारखं दिसतं, म्हणून सगळे त्याला पिंपच म्हणत.

एवढं करूनही क्यूबिट चुकतोच. त्यावर उपाय असा, की एकट्यावर भरवसा न ठेवता चौसष्ट बेभरवशाचे एकत्र बसवायचे आणि सगळ्यांनी मिळून एका भरवशाच्या क्यूबिटाचं काम करायचं. एक घसरला तर बाकीचे सावरून घेतात. अशा यंत्राला चुका पचतात, आणि अशाच यंत्रासाठी सरकारने योजना काढली होती. योजनेच्या अटी चौऱ्याऐंशी. नमुन्यादाखल:

अट ४: यंत्र चुका सहन करणारे असावे. अर्जात एकही चूक आढळल्यास अर्ज रद्द होईल.

अट ११: क्यूबिटचे तंत्र सर्वस्वी नवे, यापूर्वी कोणीही न वापरलेले असावे.

अट १२: सदर तंत्र वापरल्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा.

अट २९: अनुदानातून तयार झालेल्या प्रत्येक क्यूबिटची दरमहा प्रत्यक्ष पाहणी होईल.

अकरा आणि बारा या दोन अटींमध्ये बाई तीन आठवडे अडकून पडल्या. शेवटी त्या भांडारात गेल्या. काकांनी अर्ध्या तासात दाखला लिहून दिला: 'हे तंत्र गेली तीन वर्षे कोणीही वापरलेले नाही, याचा अर्जदारास सलग अनुभव आहे.' अर्ज मंजूर झाला. बाईंनी काकांना पेढे द्यावेत तसं एक नवं कोरं पेन दिलं. काकांनी त्यावर क्रमांक घातला.

मग पहिली पाहणी आली. सातजणांची समिती, पुढे मंत्रालयाचे तपासनीस. पिंप ऊबदार करून उघडायला तीन दिवस लागले. आतून बाईंनी नखाएवढी चकती काढून दाखवली आणि चौसष्ट क्यूबिट तिच्यावर आहेत असं सांगितलं. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"क्रमांक कुठेत?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मोजूकाकांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. त्यांनी सगळ्यात बारीक कुंचला घेतला, श्वास रोखला आणि बाई 'नको' म्हणेपर्यंत चकतीच्या कडेला सुबक अक्षरांत क्रमांक घातलासुद्धा. समितीने मान डोलावली. चौसष्टपैकी एकोणीस क्यूबिट जागच्या जागी गेले. (रंग उत्तम प्रतीचा होता, तो अजूनही निघालेला नाही.)

बाई ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी चकती डबीत ठेवली, डबी खणात ठेवली आणि नवी चकती करायला घेतली. तिला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत काकांचं जेवणावरचं मन उडालं. काकूंनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एका लेकीच्या सात वर्षांवर मी रंग लावून आलो गं." काकूंनी त्या दिवशी सगळी पातेली आपणहून बाहेर काढून ठेवली. काकांनी एकालाही हात लावला नाही.

नवी चकती पिंपात गेली आणि दुसरीच अडचण पुढे आली. पिंप गार व्हायला अकरा दिवस लागतात, उघडण्याआधी ऊब यायला तीन. पाहणी दर तीस दिवसांनी. म्हणजे थंडीचे दिवस उरले सोळा. आणि क्यूबिट वाढवले की चुका कमी होतात हे दाखवायला बाईंना सलग चाळीस दिवस हवे होते. सोळाचे चाळीस होत नाहीत, हे सांगायला क्वांटम यंत्र लागत नाही. वर्षअखेरीस निकाल गेला नाही तर योजना तळघराला कुलूप लावणार होती.

"काका, एक पाहणी, फक्त एक पाहणी पिंप न उघडता झाली पाहिजे," बाई म्हणाल्या. त्या पिंपाखालच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"पण मग आत चूक झाली, हे तुम्हाला तरी कसं कळतं? तुम्हीही उघडत नाही."

बाईंनी डोळे पुसून समजावून सांगितलं. क्यूबिटला 'तू कसा आहेस' असं कधीच विचारायचं नाही. विचारलं की तो बिघडला. त्याऐवजी शेजारच्या दोघांचं एकमेकांशी जुळतं का, एवढंच तपासायचं. जुळत नसेल तर चूक तिथेच कुठेतरी आहे. आत काय आहे हे कुणीच पाहत नाही, तरी चूक सापडते.

काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अहो बाई, ही तर सात नंबरच्या कपाटाची पद्धत!"

ते खरंच होतं. किल्ली हरवल्यापासून ते कपाट दरवर्षी नियमित तपासलं जात होतं. साठ्याच्या वहीत 'एकशे बेचाळीस वस्तू' आणि वाटपाच्या वहीत 'एकशे बेचाळीस वस्तू' असं जुळलं की 'तपासले, बरोबर' असा शेरा पडे. नऊ वर्षांत त्या कपाटात एकही चूक आढळली नव्हती. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्याच्यासाठी जिवाचं रान करत होत्या, ते संस्थेच्या भांडारात पहिल्यापासून चालू होतं. फक्त त्याला अनुदान नव्हतं.

काकांनी अकरा पानांचं टिपण लिहिलं, 'शेजारपडताळणीने पाहणी करण्याबाबत'. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादी वस्तू न दाखवण्यासाठी लिहीत होते.

तिसाव्या दिवशी समिती आली. तपासनिसांनी टिपण वाचलं आणि मिटलं.

"प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय माझी सही होणार नाही. उघडा."

"उघडतो की, साहेब," काका नम्रपणे म्हणाले. "फक्त नियम असा आहे, की पाहणीनंतर वस्तू पाहणीआधी होती त्याच स्थितीत परत करायची. मागच्या खेपेला एकोणीस गेले, ते माझ्या नावावर पडले. या खेपेला उघडायला सांगणाऱ्यांचं नाव इथे, सही इथे, आणि 'नुकसानीस मी व्यक्तिशः जबाबदार' हे स्वतःच्या हस्ताक्षरात, इथे."

त्यांनी पेन पुढे केलं. पेनवर क्रमांक होता.

तपासनिसांनी कागद अध्यक्षांकडे सरकवला, कारण अध्यक्ष वयाने मोठे. अध्यक्षांनी तो वित्त सदस्यांकडे दिला, कारण प्रश्न नुकसानीचा. वित्त सदस्यांनी तांत्रिक सदस्यांकडे, कारण प्रश्न मुळात तांत्रिक. तांत्रिक सदस्य हे मुळात पूल बांधणारे अभियंते होते. त्यांनी कागद अतिशय आदराने पुढच्या सदस्यांना दिला. असा तो सातही जणांमधून फिरून पुन्हा काकांच्या हातात आला तेव्हा चार वाजले होते आणि परतीची गाडी पाचची होती.

"दोन्ही वह्या जुळतात ना?" तपासनिसांनी विचारलं.

साठ्याच्या वहीत चौसष्ट होते. वाटपाच्या वहीत चौसष्ट होते. (दोन्ही वह्या काकांनीच त्याच दुपारी, त्याच पेनने लिहिल्या होत्या, अक्षरही जुळत होतं.) 'सर्व क्यूबिट पाहिले, सुस्थितीत आढळले' असा शेरा लिहून सातजणांनी सह्या केल्या आणि जाताना पिंपाला लांबूनच नमस्कार केला.

पिंप गार झाल्यापासूनच्या त्या सलग चाळीस दिवसांत तळघराच्या जिन्यावर एक स्टूल, एक डबा आणि मोजूकाका असे तीन पदार्थ कायमचे ठेवण्यात आले. त्या काळात संस्थेतली लिफ्ट बंद होती. दारं आपटणाऱ्यांची यादी केली गेली (एकूण बावीस, त्यात संचालक तीन वेळा). शिपाई चपला हातात घेऊन चालायला शिकला. वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनी आठवडाभर कुजबुजत भांडून पाहिलं आणि भांडणात राम उरत नाही म्हणून तो नाद सोडून दिला. काकांनी स्वतः खोकला गिळला, तो नंतर घरी जाऊन खोकले.

एक्केचाळिसाव्या दिवशी बाई जिन्यावर आल्या त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. पंचवीस क्यूबिट एकत्र असताना जेवढ्या चुका होत, त्याच्या निम्म्यासुद्धा चौसष्टांत होत नव्हत्या. माणसं वाढली की चुका वाढतात, असा सर्व समित्यांचा अनुभव. इथे उलटं घडलं होतं. काकांना यातलं निम्मंच कळलं, पण ते उठून उभे राहिले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कार्यालयीन वेळेत टाळ्या वाजवल्या.

अहवाल एकशे अठरा पानांचा झाला. तो मंत्रालयात गेला आणि आठ दिवसांत उत्तर आलं. एवढ्या लवकर आलं, की बाईंना वाटलं नकारच असणार. पत्रात होतं: 'आपल्या सोबतपत्रानुसार अहवालाची पाने ११८. आमच्या आवक नोंदवहीनुसार पाने ११८. आपल्याच संस्थेने सिद्ध केलेल्या शेजारपडताळणी पद्धतीनुसार दोन्ही आकडे जुळत असल्याने अहवाल न उघडता स्वीकारण्यात येत आहे. प्रकल्पास आणखी पाच वर्षांची मुदतवाढ व दोनशे छप्पन्न क्यूबिटना मंजुरी देण्यात येत आहे. अभिनंदन. अहवाल जनतेच्या हरकतींसाठी तीस दिवस खुला राहील.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. तळघर वाचलं होतं, आणि त्या खूश होत्या. पण सात वर्षांनी काढलेला तो आलेख कुणीतरी एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढी इच्छा माणसाला असतेच.

त्याच आठवड्यात छपाईयंत्र अडकलं. काकांनी ते खोललं तर आत दोन चुरगळलेली पानं निघाली: एकशे सतरा आणि एकशे अठरा. निकाल शेवटी असतो, त्यामुळे आलेख नेमका त्याच पानांवर होता. अहवाल गेला होता एकशे सोळा पानांचा, निकालाशिवाय.

बाईंनी धावतपळत ती पानं दिलगिरीच्या पत्रासह मंत्रालयात पाठवली. ती परत आली. शेरा असा: 'सदर पाने यापूर्वीच प्राप्त झाली असल्याने पुन्हा स्वीकारता येत नाहीत.'

बाई आधी हसल्या. मग हसू थांबेना. काकांनी चुरगळलेलं पान टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केलं, चष्मा लावला आणि ते नीट पाहू लागले.

"ही खाली जाणारी रेघ, ती चुकांची का?"

"हो काका."

"किती छान खाली जातेय." ते बराच वेळ पाहत राहिले. "यावर क्रमांक घालू? पेन्सिलीने घालतो."

"घाला काका," बाई म्हणाल्या, आणि त्या शेजारी बसल्या.

हरकतींची मुदत यथावकाश संपली. एकही हरकत आली नाही. दोन पानं नाहीत, अशीसुद्धा नाही. योजनेच्या अट ८४ नुसार, मुदतीत हरकत न घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाने संपूर्ण अहवाल, पाने ११८, वाचला आहे, त्याला तो समजला आहे आणि मान्य आहे, अशी नोंद झाली. त्या नोंदीत तुम्हीही आहात; मंत्रालयाने मोजलं आहे. तेव्हा त्या शेवटच्या दोन पानांवर काय होतं, असं उद्या कुणी विचारलं, तर गोंधळून जाऊ नका. शेजाऱ्याला विचारा. त्यालाही माहीत नसेल. म्हणजे जुळलं.