कललेली अक्षरं

एकसष्टीच्या जेवणाला धाकटा भाऊ यावा, एवढीच दिनकररावांची इच्छा होती. बांधावरून वाजल्यापासून रायभान गंगाखेडला जाऊन राहिला होता आणि बोलावणं धाडलं की नुसतं "बघू" म्हणायचा. त्या 'बघू'चा अर्थ अख्ख्या ताडकळसला ठाऊक होता.

शेवटी लेकीनं, राजनंदिनीनं, स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लावायचं ठरवलं. फ्लेक्सवाल्या योगीराजच्या कॉम्प्युटरवर तिला एक टाइप फार आवडला. उजवीकडे कललेली अक्षरं, कुठे जाड, कुठे बारीक, आणि प्रत्येक कान्याच्या टोकाला नखाएवढं पाऊल.

योगीराज चुळबुळला. "ताई, ह्यो टाइप आमी वेगळ्या कामाला वापरतो."

"मग तर लय उठून दिसंल," ती म्हणाली आणि विषय मिटला.

योगीराजचं ते वेगळं काम म्हणजे श्रद्धांजली. वाढदिवस आणि निवडणुका तो उभ्या, ठसठशीत अक्षरांत छापायचा. कललेली अक्षरं फक्त गेलेल्यांसाठी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण लोकांच्या डोळ्यांना सवय झाली होती. कललेलं अक्षर आणि वर फोटो, एवढं मोटारसायकलवरून दिसलं की पुढचं कुणी वाचत नसे. असाच कुणीतरी पळत्या गाडीवरून काढलेला अंधूक फोटो मोबाइलवरून गंगाखेडला पोचला.

जेवणाच्या दिवशी दिनकरराव नवं पांढरं धोतर नेसून स्टँडकडे निघाले. चहावाल्यानं त्यांना पाहिलं आणि गॅस बंद करून तो आत गेला. त्यांच्याविषयी चांगलं बोलत बसलेले दोघे एकदम गप्प झाले. शेजारच्या म्हाळसाबाई समोरून आल्या, त्यांना हटकलं, तर त्या डोळे मिटून देवाचं नाव पुटपुटत राहिल्या. भर उन्हात दिनकररावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी हळूच खाली पाहिलं. सावली होती. जरा बरं वाटलं, पण पुरतं नाही.

फ्लेक्सखाली रायभान उभा होता, हातात हार घेऊन. डोळ्यांतल्या पाण्यामुळे समोरच्या 'हार्दिक शुभेच्छा' त्याला दिसत नव्हत्या.

"बांध तुझाच व्हता, दादा," तो फोटोला सांगत होता. "मला ठावं व्हतं."

दिनकरराव त्याच्या मागे येऊन थबकले. हाक मारली तर हा पुन्हा 'बघू' म्हणून बसमध्ये चढेल, या भीतीनं ते तसेच उभे राहिले. मग रायभानच वळला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या भावाला त्यानं नखशिखांत न्याहाळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण तो स्वतः पळाला नाही.

"न्यायला आलास का, दादा?"

दिनकरराव खरं सांगणारच होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "हाव. चल."

"लगीच?"

"समदे थांबलेत तुझ्यासाठी."

जित्या भावाला वर्षानुवर्षं टाळणाऱ्या रायभानला मेलेल्याला नाही म्हणायची हिंमत झाली नाही. हार हातात धरून तो मुकाट मागून चालू लागला. दिनकररावांनी मागे वळून पाहिलं नाही. रायभानचं पोटभर जेवण होईपर्यंत आपण जिवंत आहोत हे त्याला सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.