एक मुंडकं आणि तीन राक्षस

"आज तुम्ही फक्त बसायचं," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "तिसऱ्या रांगेत. आणि कशालाही हात लावायचा नाही."

जावयाने मान डोलावली. तेव्हा मान अजून त्याच्या ताब्यात होती.

त्याच्या सासरी दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत कला नांदत होती. सासरे गात, मेहुणा नाटकं बसवी, बायको नाच शिकवी. हा एकटा फ्रीज दुरुस्त करायचा. पाहुण्यांनी विचारलंच, तर सासरे "जावईबापू शीतकरणात असतात" असं काहीतरी भारदस्त सांगून विषय बदलत. जावयाची त्याला हरकत नव्हती. कलेचं आणि त्याचं भांडण नव्हतं, फक्त तिने त्याच्या घरी राहायला येऊ नये एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आणि आज नेमका तोच धोका होता. मंडळींना वर्षानुवर्षं मिळत आलेलं सभागृह यंदा एका व्यायामवाल्याने मागितलं होतं. सभागृह समितीच्या अध्यक्षीणबाई आजचा प्रयोग पाहून निकाल देणार होत्या. सभागृह गेलं, तर नाचाचे वर्ग, नाटकाच्या तालमी आणि सासऱ्यांचा सकाळचा खर्ज, हे सगळं बिऱ्हाड जावयाच्या दोन खोल्यांत येणार, हे सर्वानुमते ठरलं होतं. जावई त्या ठरावाला हजर नव्हता.

प्रयोग झोपखाऊ राक्षसाच्या गोष्टीचा होता. गावातल्या पोराटोरांना ती पाठ होती. ढगात एक राक्षस राहतो, रोज खाली उतरून सगळ्यांची झोप खाऊन जातो, शेवटी एक चिमुरडी मुलगी वर चढून त्याचा बंदोबस्त करते. हा बंदोबस्त म्हणजे नेमकं काय, यावर मात्र घरात तीन पक्ष होते. मेहुण्याच्या नाटकात राक्षस तलवारीने मरत होता. बायकोच्या नाचात तो वितळून पाऊस होत होता. सासऱ्यांच्या संगीतिकेत त्याला पश्चात्ताप होत होता, आणि तोही विलंबित लयीत.

जेवणाच्या टेबलावर भांडणं इतकी विकोपाला गेली, की सासऱ्यांनी तोडगा काढला. तिन्ही प्रयोग एकामागून एक करायचे. "पण गोष्ट एक, तर राक्षसही एकच," असं म्हणून त्यांनी कागदाच्या लगद्याचं एक मुंडकं स्वतःच्या हाताने घडवलं. शिंगं, सुळे, सायकलीच्या दिव्यांएवढे दोन डोळे. फक्त ते कुणाच्या डोक्याच्या मापाचं करायचं, हे ठरवायचं राहून गेलं. मेहुण्याचं डोकं भोपळ्याएवढं, नाचातल्या राक्षसाचं पेरूएवढं आणि सासऱ्यांचं यांच्या मधलं. शेवटी ते तिघांनाही ढगळ झालं. रंगीत तालमीत मेहुणा उजवीकडे वळला आणि राक्षस समोरच बघत राहिला.

"आत चिंध्या कोंबू," मेहुणा म्हणाला होता.

प्रयोगाआधी तासभर जावई रंगमंचामागच्या खोलीत एकटाच उभा होता. समोर मुंडकं होतं. चिंध्या हा शब्द त्याला धंद्याचा अपमान वाटत होता. फ्रीजच्या भिंतीत भरतात तो फोम त्याच्या गाडीत पडलेलाच होता. डबा हलवायचा, फवारायचं. तो फुगतो, फटी भरतो आणि दगडासारखा बसतो. एकदा बसला की हलायचं नाव नाही.

त्याने मुंडक्याच्या आत पातळसा थर मारला. वाट पाहिली. बोट लावून पाहिलं, कोरडं लागलं. मग बायकोची आंघोळीची टोपी डोक्यावर चढवली, कारण खबरदारी म्हणजे खबरदारी, आणि माप बघायला मुंडकं घातलं.

माप उत्तम होतं. काढायला गेला, तोवर त्याहूनही उत्तम झालं होतं. फोम वरून वाळला होता, आत कच्चा होता, आणि डोक्याच्या उबेने त्याला पुन्हा हुरूप आला होता. हनुवटीखाली, कानांभोवती, मानेशी तो मायेने फुगत गेला. टोपीमुळे आणि वरच्या कोरड्या पापुद्र्यामुळे काही चिकटलं नव्हतं, पण हनुवटी ओलांडून मुंडकं वर येईना. राक्षसाच्या जबड्यातून श्वास घेता येत होता. डाव्या नाकपुडीतून जमिनीचा एक तुकडा दिसत होता. त्या तुकड्यात मेहुण्याच्या चपला आल्या.

"कोण आहे आत?" मेहुण्याने विचारलं.

आतून काहीतरी उत्तर आलं. जावयाला मेहुण्याचा आवाज लांबच्या रेडिओसारखा ऐकू येत होता. फोमचं कामच ते. मेहुणा वाकला आणि नाकपुडीला तोंड लावून ओरडला, "दाजी, तुम्ही?"

"माप बघत होतो."

"मग बघून झालं असेल तर द्या की."

यानंतर जे ओढणं झालं, त्यात राक्षस हलला नाही, जावई मात्र दोनदा जमिनीवरून उचलला गेला. गडबड ऐकून बायको आली. तिने नवऱ्याला शर्टावरून ओळखलं. नाकपुडीशी वाकून ती अगदी थंडपणे म्हणाली, "तिसरी रांग. मी काय सांगितलं होतं? तिसरी रांग."

"कापू या," मेहुणा म्हणाला. "मागून करवत लावू."

"कुणाला?" दारातून सासऱ्यांनी विचारलं.

"मुंडक्याला, बाबा."

"तीन महिने घालवलेत मी त्यावर," सासरे म्हणाले. जावयाबद्दल त्यांनी आकडा सांगितला नाही. "प्रयोग संपेपर्यंत करवतीचं नाव काढायचं नाही. बाई येऊन बसल्यात." मग ते नाकपुडीशी आले आणि रीतसर म्हणाले, "जावईबापू, आज राक्षस तुम्हीच. काही करू नका. काही न करणं तुम्हाला जमेल."

नाटक सुरू झालं. मेहुणा विंगेतून गर्जना करत होता आणि जावयाने त्या वेळी हात वर करायचे होते. गर्जना ऐकू न आल्यामुळे तो हात वेळीअवेळी वर करत होता, त्यामुळे राक्षस जास्तच भयंकर वाटला; केव्हा बिथरेल याचा नेमच नव्हता. नायिकेने तलवार खुपसली. लाकडी तलवार मुंडक्यावर टणकन आपटली, आतल्या माणसाला काहीच कळलं नाही. तिने पुन्हा मारली. तो शांतपणे उभा. चौथ्या घावाला तलवार मोडली. राक्षसाने नाकपुडीतून खाली पडलेला तुकडा पाहिला, उचलला आणि अदबीने तिला परत दिला. मेहुण्याने पडदा पाडला आणि स्वतः कपाळ धरून बसला.

नाचात त्याने वितळायचं होतं. बायको नाकपुडीत म्हणाली, "माझ्या पावलांकडे बघायचं आणि मागे यायचं. बस." लग्नाला इतकी वर्षं झाल्यामुळे हे त्याला अवघड गेलं नाही. ती मंचभर फिरली, तो तिच्या पैंजणांमागे वाकून वाकून फिरला. वितळायच्या जागी ती खाली बसली. आता पावलंच दिसेनात. राक्षस जागच्या जागी गोल फिरून हरवलेली पावलं शोधत राहिला, आणि पाऊस काही पडला नाही.

"आता माझी पाळी," सासरे नाकपुडीशी येऊन म्हणाले. "तुम्ही दगडावर बसा. मी विंगेतून गातो. पश्चात्ताप माझा, चेहरा तुमचा."

जावई दगडावर बसला. मुंडक्यात ऊब होती, अंधार होता. ओढाताणीने आणि दोन प्रयोगांनी अंग आंबलं होतं. त्यात लांबून कुठूनतरी एक संथ, न संपणारा सूर फोममधून गाळून येत होता. सासऱ्यांचं गाणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आवडलं.

पश्चात्ताप रंगात आला असताना सभागृहात दुसराच एक आवाज घुमू लागला. लगद्याच्या पोकळ जबड्यातून तो असा निघाला, की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या. सासरे रागाने थांबले. वाद्यं थांबली. त्या शांततेत राक्षस घोरत होता. खर्जात, तब्येतीने, एकेक आवर्तन पुरं करून.

बायकोने डोळे मिटून घेतले. तिला आपल्या दोन खोल्या दिसत होत्या. एकीत तिच्या विद्यार्थिनी, दुसरीत बाबा.

तेवढ्यात पहिल्या रांगेत अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, निघाल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या, अगदी हळू, कुणाची झोपमोड होऊ नये अशा.

"ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय," त्या मंचामागे येऊन म्हणाल्या. "राक्षसाला मारलेलं पाहिलं, रडवलेलं पाहिलं. पण गावाची एवढी झोप ज्याने खाल्ली, त्याला कधीतरी झोप येणारच ना? हे कुणाला सुचलं नव्हतं. तलवारीने मरत नाही, नाचून वितळत नाही, आणि अंगाई ऐकली की झोपतो. तीन कलांतून एकच धागा. कुणाची कल्पना?"

"माझी," मेहुणा म्हणाला.

"दिग्दर्शन माझं," बायको म्हणाली.

"ती अंगाई नव्हती," सासरे म्हणाले. मग त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे रूढ अर्थाने नव्हती."

"सभागृह तुमचंच. मात्र दर वर्षी राक्षस हाच हवा."

करवतीने मुंडकं मागून उघडलं, तेव्हा जावई अजून झोपेतच होता.

पुढच्याच आठवड्यात सासरचा फ्रीज बंद पडला. बायको दिवाणखान्याच्या दाराशी आली. नवरा सोफ्यावर आडवा होता, डोळे मिटलेले.

"अहो, दूध नासलं. जरा फ्रीज बघता का?"

"रियाज चाललाय," तो डोळे न उघडता म्हणाला.

ती काहीतरी बोलणार होती. पण आतल्या खोलीतून मुंडक्याला मागे बिजागऱ्या लावत बसलेले सासरे कुजबुजले, "व्यत्यय आणू नकोस त्यांना."

तिने बाहेरचा फ्रीजवाला बोलावला. तो हत्यारांची पिशवी ठेवतोय, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू ठोका हं. आमचे हे रियाजाला बसलेत."

फ्रीजवाल्याने दिवाणखान्याकडे कान दिला. पाना हातातच धरून तो थोडा वेळ ऐकत राहिला.

"आवाज चांगला लागलाय," तो म्हणाला.